आडातले पाणी आणि डोळ्यातले भिंग

पाण्याने सारे शुद्ध होते ही आपल्याकडची फार जुनी श्रद्धा. बाहेरून आले की पायांवर पाणी, जेवायला बसताना ताटाभोवती पाणी, मर्तिकाहून परतले की उंबऱ्याबाहेर पाणी. गंगाखेडच्या घाटावर गोदावरीत बुडी मारून वर आलेला माणूस आपण आतबाहेर निर्मळ झालो असे मानतो. त्या दिवशी नदीला गढूळ लोंढा आलेला असला तरी त्याच्या समाधानात उणेपणा येत नाही. त्यातून आमचा मराठवाडा हा टंचाईचा मुलूख. इथे पाणी मिळाले की माणूस हात जोडतो. ते कसे आहे हे विचारण्याची चैन त्याला परवडत नाही.

या श्रद्धेला एक लहानसा अपवाद आहे आणि त्या अपवादाचा इतिहास मला आज सांगायचा आहे. वस्तू नखाएवढी. डोळ्याच्या बुबुळावर बसवायचे भिंग, ज्याला परभणीच्या चष्मेवाल्यापासून महाविद्यालयातल्या मुलींपर्यंत सारेजण नुसते ‘लेन्स’ म्हणतात. मी हयातभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहास म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. पण दिव्याला, कुलपाला, साबणाच्या वडीलाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तोच आपल्या जगण्याला अधिक जवळचा असतो. या भिंगाचे तर दोन इतिहास आहेत. एक ते घडवण्याचा आणि दुसरा ते स्वच्छ ठेवण्याचा. पहिला विज्ञानाच्या पुस्तकांत सापडतो. दुसरा फारसे कोणी सांगत नाही; आणि डोळा वाचतो किंवा जातो तो मात्र या दुसऱ्या इतिहासातल्या शहाणपणावर.

१

डोळ्याला चिकटून राहणाऱ्या भिंगाची कल्पना माणसाला सुचली तीच मुळी पाण्यावरून. १६३७ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने पाण्याने भरलेली नळी डोळ्याला लावण्याची कल्पना मांडली. १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने तसा प्रयोगच वर्णिला आहे. आखूड नळीच्या एका टोकाला भिंग, आत पाणी आणि दुसरे टोक उघड्या डोळ्यावर. दृष्टी सुधारावी हा त्याचा हेतू नव्हता; डोळा जवळचे आणि दूरचे कसे पाहतो ते त्याला शोधायचे होते. तरीसुद्धा भिंग, द्रव आणि डोळा हे तिघे एकत्र आले ते इथे. पुढचे सगळे नाट्य या तीन पात्रांतच घडलेले आहे.

खरेखुरे भिंग प्रत्यक्ष माणसाच्या डोळ्यात गेले ते १८८८ च्या सुमारास. झुरिकचा डॉक्टर आडोल्फ फिक याने काचेच्या पातळ वाट्या करवून घेतल्या. आधी त्या सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या आणि नंतर रुग्णांच्या डोळ्यांवर बसवून पाहिल्या. वाटी आणि डोळा यांच्यामध्ये जी पोकळी राही ती भरून काढण्यासाठी त्याने द्राक्षशर्करेचे दोन टक्के द्रावण वापरले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये यूजीन काल्ट हाही तसेच प्रयोग करीत होता. १८८९ साली जर्मनीतल्या कील येथे आउगुस्ट म्यूलर या विद्यार्थ्याने याच विषयावर प्रबंध लिहिला. त्याची स्वतःची नजर फार अधू होती. हवेचा बुडबुडा आत राहू नये म्हणून तो भिंग पाण्याखाली धरून डोळ्यात बसवी. डोळा बधिर करण्यासाठी कोकेन घालूनही त्याला ते अर्ध्या तासापलीकडे सोसत नसे. पुढे हा गृहस्थ नेत्रवैद्यक सोडून अस्थिवैद्यकाकडे वळला, यात नवल वाटायला नको.

या मंडळींना न सुटलेले कोडे असे होते. काच गुळगुळीत आहे, माप बरोबर आहे, तरी काही तासांत डोळ्यापुढे धुके का यावे? त्याचे उत्तर पुढे मिळाले. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला आरपार दिसलेच नसते. रक्त नाही म्हणून हा पडदा आपला प्राणवायू थेट हवेतून, आसवांच्या पातळ थरामार्फत घेतो. त्यावर काच ठेवली की त्याचा श्वास कोंडतो. आणि श्वास कोंडलेला पडदा रोगजंतूंशी झुंजायला दुबळा असतो.

आसवांबद्दल इथेच सांगितले पाहिजे. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याआधी, १९२२ साली, लायसोझाइम हे जंतुनाशक द्रव्य आसवांत असल्याचे दाखवून दिले. प्रयोगासाठी आसवे लागत म्हणून ते सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळीत. डोळ्यातले पाणी हे केवळ दुःखाचे चिन्ह नव्हे, ते डोळ्याचे राखणदार आहे. पापणी मिटते तेव्हा हा राखणदार दर वेळी पारपटलावरून हात फिरवून जातो. भिंग बसले की त्याच्या वाटेत भिंत उभी राहते. म्हणून राखणदाराचे काम भिंग घालणाऱ्याला स्वतःच्या हातांनी करावे लागते. लेन्सची निगा म्हणजे तत्त्वतः एवढेच.

२

काचेचे युग संपून प्लॅस्टिकचे आले. १९४८ साली लॉस एंजल्सचा केव्हिन टूही याने केवळ पारपटलापुरते लहान, आसवांवर तरंगणारे भिंग केले. मोठ्या भिंगाची कड कातताना तुटली आणि उरलेला मधला तुकडा त्याने सहज स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला, अशी कथा सांगतात. हे भिंग कठीण होते आणि पाणी शोषीत नसे. पुसावे, भिजवावे, घालावे. ते ओले करण्यासाठी पुष्कळ लोक सरळ तोंडात घालीत आणि तिथून डोळ्यात! डॉक्टर कपाळाला हात लावीत, कारण माणसाच्या तोंडात जंतूंचा बाजार भरलेला असतो. उष्टे देवाला चालत नाही असे मानणाऱ्या आपल्या घरांत निदान हा प्रकार लवकर पटण्यासारखा नव्हता.

मग १९६१ सालचा नाताळ आला. प्राग शहरातले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांना १९५८ साली राजकीय कारणावरून विद्यापीठातल्या जागेवरून दूर केलेले होते, आणि भिंगांच्या संशोधनाचे सरकारी पाठबळही थांबले होते. द्राहोस्लाव लीम या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पूर्वीच एक असा पदार्थ तयार केला होता की जो सुका असता कडक आणि ओला होताच लुसलुशीत होई. घरात मुलांचा ‘मेरकुर’ नावाचा लोखंडी पट्ट्या-चक्रांचा खेळ होता आणि सायकलचा डायनामो होता. एवढ्या सामग्रीवर त्यांनी घरच्या टेबलावर एक फिरते यंत्र उभे केले, त्यात द्रव ओतून फिरवला आणि पहिली चार मऊ भिंगे काढली. हीच आजच्या मऊ लेन्सची जन्मकथा. १९७१ साली अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने ती विकायला परवानगी दिली आणि तिथून ती जगभर गेली.

मऊ भिंगाच्या सुखाचे मूळ आणि त्याच्या संकटाचे मूळ एकच आहे. पहिल्या मऊ भिंगात वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी असे. ते पाणी पिते म्हणून डोळ्याला बोचत नाही. पण जो पाणी पितो तो पाण्याबरोबर आलेले सगळेच पितो. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात याचा न्याय ठरलेला होता. पितळेचे भांडे बाटले तर राखेने घासून घेतात. मातीचे मडके बाटले तर ते फोडतात, कारण माती आत ओढून घेते. माणसामाणसांत विटाळ मानण्याची ती दुष्ट रीत गेली हे उत्तम झाले. परंतु धातू आणि माती यांतला फरक मात्र आजीने बरोबर ओळखला होता. टूहीचे भिंग हे पितळेचे भांडे होते, विख्तर्लेंचे भिंग हे मातीचे मडके आहे.

आता हे मडके शुद्ध कसे करायचे? पहिला उपाय उकळण्याचा. मिठाच्या गोळ्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायच्या, डबीत ते खारे पाणी आणि त्यात भिंगे घालून रोज रात्री विजेच्या लहान यंत्रात तापवायची. जंतू मरत, पण आसवांतली प्रथिने भिंगावर शिजून बसत, जशी दुधाची खरपुडी पातेल्याच्या बुडाला धरते. ती काढायला पपईच्या चिकातल्या पपेन या द्रव्याच्या गोळ्या निघाल्या. मटण शिजवताना आपण कच्च्या पपईचा तुकडा टाकतो त्यामागचा गुण हाच. मग तापवण्याऐवजी रसायने आली. त्यांत पाऱ्याचे एक संयुग होते, त्याने कित्येकांचे डोळे लाल होत. हायड्रोजन पेरॉक्साइड आले. ते उत्तम धुते, पण त्याचा प्रभाव आधी मारला नाही आणि भिंग तसेच डोळ्यात घातले तर आग होते. अखेर एकाच बाटलीतून चोळणे, धुणे आणि भिजवणे ही तिन्ही कामे करणारी द्रावणे निघाली. आज आमच्या औषधाच्या दुकानांत मिळते ते बहुधा हेच.

सोय जसजशी वाढली, तसतशी हाताची मेहनत नको वाटू लागली. तिथूनच या इतिहासातले दुःखद प्रकरण सुरू होते.

३

माझी भाची सेलूची. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा ‘मुलीला चष्मा आहे’ हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून घरच्यांनी तिला लेन्स घेऊन दिल्या. असे आमच्याकडे पुष्कळ घरांत चालते. त्याबद्दल मला काय वाटते हा निराळा विषय. सुटीत ती आमच्याकडे आली असताना एका रात्री तिच्या बाटलीतले द्रावण संपले. तिने माठातले पाणी डबीत ओतायला घेतले. मी हटकले तेव्हा ती सहजपणे म्हणाली, “मामा, फिल्टरचं पाणी आहे की हे! आपण पितो, मग डोळ्याला काय होतंय?”

प्रश्न रास्त होता. चांगल्या शिकलेल्या माणसांनीही तो विचारलेला आहे, आणि त्याचे उत्तर जगाला फार महाग पडले आहे.

१९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉक्टरांना असे रुग्ण भेटू लागले की ज्यांचा डोळा लाल, वेदना असह्य, आणि नेहमीच्या औषधांनी गुण नाही. पारपटलावर व्रण, पुढे पांढरे वलय. कारण निघाले अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव. तो मातीत, विहिरीत, तळ्यात, नळाच्या पाण्यात, पोहण्याच्या हौदात सर्वत्र राहतो. एरवी तो जंतू खाऊन जगतो. दिवस वाईट आले की स्वतःभोवती दुहेरी कवच करून बसतो. मग पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढे क्लोरीन त्याला मारू शकत नाही आणि वर्षानुवर्षे सुकून राहिला तरी तो मरत नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की या रुग्णांपैकी बरेचजण मिठाच्या गोळ्यांपासून घरीच खारे पाणी बनवीत होते. ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार नसतात, म्हणून ते निर्जंतुक असते असे नाही. हा लहानसा भेद ध्यानात न आल्याने डोळे गेले.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आपण पितो ते पाणी जठरात जाते, तिथे ते आम्लाच्या कचाट्यात सापडते. पारपटलापाशी आम्ल नाही, रक्त नाही; आहेत ती आसवे, आणि त्यांच्या वाटेतही भिंग आडवे. शिवाय साध्या पाण्यात मऊ भिंग फुगते आणि डोळ्याला घट्ट चिकटते; सोडवताना पारपटलाला सूक्ष्म ओरखडे उठतात. शत्रूला वेशीपर्यंत आणायचे आणि वेसही आपणच उघडून द्यायची, असा हा प्रकार होतो. म्हणून आडाचे, बोअरचे, नळाचे, माठाचे, फिल्टरचे, उकळून गार केलेले, कोणतेही घरचे पाणी भिंगाला किंवा त्याच्या डबीला लागता कामा नये.

दुसरा धडा २००६ सालचा. एका नामांकित कंपनीचे ‘रेन्यू मॉइश्चरलॉक’ हे द्रावण वापरणाऱ्यांत फ्युझेरियम या बुरशीने डोळे बिघडल्याचे सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत आढळले; त्या वर्षीच्या मे महिन्यात ते द्रावण जगभरातून मागे घेण्यात आले. पुढच्याच वर्षी अकांथामीबाच्या कारणाने दुसऱ्या एका कंपनीचे द्रावणही मागे घ्यावे लागले. द्रावणाच्या घडणीत दोष होताच. पण वापरणाऱ्यांच्या सवयींचीही चौकशी झाली. डबीतले कालचे द्रावण न टाकता त्यावरच थोडे ताजे ओतायचे, अशी काटकसर पुष्कळजण करीत होते. आमच्या खेड्यांत पहाटे उठलेली बाई हंड्यातले शिळे पाणी झाडांना घालते, हंडा घासून पालथा घालते आणि मगच त्यात ताजे पाणी भरते. शिळ्यात ताजे मिसळू नये हा नियम तिला कोणी प्रयोगशाळेत शिकवलेला नाही.

तिसरा धडा झोपेचा. मिटलेल्या पापणीखाली पारपटलाला हवा आधीच कमी मिळते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मऊ लेन्स घालून रात्री झोपणाऱ्यांना व्रणाचा धोका रोज रात्री काढून ठेवणाऱ्यांच्या दहा ते पंधरा पट आढळला.

या तीन धड्यांतून जो आचार तयार झाला तो सांगायला सोपा आणि पाळायला कंटाळवाणा आहे. साबणाने हात धुवावेत आणि धागे न सोडणाऱ्या स्वच्छ कपड्याने पूर्ण कोरडे करावेत. ओल्या बोटावर नळाचे पाणी असतेच. भिंग तळहातावर ठेवून, द्रावणाचे थेंब घालून बोटाने हळूच चोळावे आणि मग द्रावणानेच धुवावे. बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे लिहिलेले असले तरीही चोळावे. डबीतले जुने द्रावण रोज टाकावे, डबी ताज्या द्रावणाने धुवून, पुसून, उघडी पालथी ठेवावी आणि तीन महिन्यांनी बदलावी. भिंगाची मुदत संपली की ते टाकावे. मडके फोडण्याचा न्याय इथे लागू आहे. एका दिवसापुरती वापरून टाकून द्यायची भिंगे १९९० नंतरच्या दशकात निघाली ती याच विचाराने. ती दुसऱ्या दिवशी घालणे ही बचत नव्हे. आंघोळीला, पोहायला आणि झोपायला जाताना भिंगे काढलेली असावीत. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, तेल, उटणे आणि त्यानंतरचा फटाक्यांचा धूर, या साऱ्यांत भिंगांना डबीतच राहू द्यावे. आदल्या रात्रीची आरास चष्म्यातूनही तेवढीच छान दिसते. आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर भिंग काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे; जाताना भिंग आणि डबी बरोबर न्यावी, कारण रोगाचा पत्ता पुष्कळदा डबीतच लिहिलेला असतो.

४

इथे हा लेख संपवता आला असता. पण या इतिहासाचे एक पान परभणीसारख्या जिल्ह्याच्या नावाने राखून ठेवलेले आहे, ते उघडल्याशिवाय राहवत नाही.

पाश्चात्य देशांत अकांथामीबाचा रोगी म्हणजे बहुतेक लेन्स घालणारा, असे समीकरण बनले. आपल्याकडे काय? १९९० साली मदुराईच्या सावित्री शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले रुग्ण लेन्स घालणारे नव्हतेच. पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून २००० साली आलेल्या निबंधानेही हेच चित्र दाखवले. डोळ्याला काही लागलेले, गढूळ पाण्याशी संबंध आलेला, बेताच्या परिस्थितीतला माणूस, हा आपल्याकडचा रोगी. जो जीव तिकडे डबीतून डोळ्यात शिरला, तो इकडे शिवारातून शिरत होता.

ज्याने आमच्या काळ्या रानातली सुगी पाहिली आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. ज्वारीच्या पानाची धार डोळ्याला चाटून जाते. पऱ्हाटीच्या काड्या मोडताना टोक लागते. खळ्यावर उफणताना फोलकट डोळ्यात जाते. माणूस डोळा चोळतो, जवळच्या विहिरीच्या नाहीतर डबक्याच्या पाण्याचा हबका मारतो आणि कामाला लागतो. आठवड्याने डोळा लाल होतो; मग कोणी मध घालायला सांगते, कोणी औषधाच्या दुकानातून हाती लागेल ती थेंबांची बाटली आणते. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर लाली उतरते आणि आतला रोग बळावतो. महिन्याने बुबुळावर पांढरा डाग दिसतो. मराठी भाषेने त्याला ‘फूल पडले’ असे म्हटले आहे. इतक्या भीषण गोष्टीला इतके कोवळे नाव दुसरे मला ठाऊक नाही. माझ्या लहानपणी जिंतूरकडच्या आमच्या गल्लीत असे फूल पडलेल्या तीन बाया होत्या, तिघीही शेतात जाणाऱ्या.

१९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. राज्य गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण मनमाडहून परभणीवरून सिकंदराबादला जाणारा लोहमार्ग तसाच राहिला. डोळ्याच्या अवघड दुखण्याला लोक अजूनही ती गाडी धरतात. त्या वाटेने जाणाऱ्याला मिळणाऱ्या औषधाची कथा तर विलक्षण आहे. १९९२ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अकांथामीबावर एक औषध गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे लांबलचक नाव पॉलिहेक्झामेथिलीन बायग्वानाइड. मूळचे ते पोहण्याचे हौद निर्जंतुक करायला वापरीत आणि लेन्सच्या द्रावणांतही अत्यल्प प्रमाणात घालीत. तेच ०.०२ टक्के प्रमाणात थेंबांच्या रूपाने डोळ्यात घातले तर कवचातल्या जीवालाही ते मारते. उपचार कित्येक महिने चालतो. पण वेळेवर सुरू झाला तर डोळा वाचतो. लेन्सची डबी धुण्यासाठी जे रसायन उपयोगात आले, तेच ज्वारी कापणाऱ्या बाईच्या डोळ्याला औषध झाले. चैनीच्या वस्तूने गरजवंताचे एवढे ऋण फेडल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. फवारणीचे औषध किंवा चुना डोळ्यात उडाला, तर क्षणाचाही विचार न करता हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा पुष्कळ वेळ धुवावा आणि मग दवाखाना गाठावा. तिथे पाणीच तारते. काडी, पान, फोलकट लागून जखम झाली असेल तर डोळा चोळू नये, डबक्याचे पाणी मारू नये, मनाने थेंब घालू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.

लेन्सच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद येतो. त्यावर बारीक अक्षरांत हे सारे नियम छापलेले असतात आणि बहुधा तो न वाचताच फेकला जातो. ज्वारीच्या पेंढीबरोबर असा कागद येत नाही. ज्यांना तो मिळतो त्यांनी तो वाचावा, पाळावा. आणि या सुगीला गावी जाल तेव्हा खळ्यावरच्या माणसांना त्यातले चार शब्द आपल्या तोंडाने सांगावेत.